नाकाच्या मागें जाणारें कुत्रें आणि त्याचा साज



पणींनीं पळवून नेलेल्या गाईंचा माग काढीत देवांची कुत्री सरमा रसा नदी ओलांडून गेली, ही कथा ऋग्वेदाइतकी जुनी आहे. मनुष्यास जें दिसत नाहीं व ऐकूं येत नाहीं, तें कुत्र्यास नाकानें कळतें, ही गोष्ट आपल्या पूर्वजांना किती चांगली ठाऊक होती, याचा हा पुरावाच होय. परंतु सरमेच्या वाटेंत सिंहगड रस्ता नव्हता आणि त्यावरून धांवणाऱ्या मोटारी नव्हत्या. आज पुण्यांतील सदनिकांतून बीगलसारखीं, सर्वस्वीं वासावर चालणारीं कुत्रीं पाळलीं जात आहेत, आणि रविवारीं सकाळीं त्यांना खडकवासल्याकडे फिरावयास नेणारीं कुटुंबेंहि थोडीं नाहींत. अशा कुत्र्यास कोणता पट्टा, कोणती दोरी व कोणता साज घ्यावा, हा प्रश्न वरवर पाहतां दुकानांत सुटणारा वाटतो. वस्तुतः तो त्या प्राण्याच्या स्वभावाचा प्रश्न आहे. म्हणून प्रथम स्वभाव पाहूं आणि मग साजाकडे वळूं.

शिकारी कुत्र्यांचे ढोबळ मानानें दोन वर्ग पडतात. एक डोळ्यांनीं शिकार करणारा, दुसरा नाकानें. आपल्या दख्खनचीं नामांकित कुत्रीं पहिल्या वर्गांतील आहेत. कारवानी, तिचाच केंसाळ भाऊबंद पश्मी, किंवा मुधोळच्या घोरपडे राजांनीं जोपासलेलें व २००५ सालीं भारतीय टपाल तिकिटावर झळकलेलें मुधोळ कुत्रें डोळ्यांपुढें आणा. लांब पाय, खोल छाती, बारीक कंबर आणि निमुळतें डोकें. माळावर ससा उठला कीं तें त्यास नजरेनें धरतें आणि वाऱ्याच्या वेगानें सुटतें. ससा झुडपांत दिसेनासा झाला कीं पुष्कळदां त्याची धांवहि संपते. बीगलची घडण निराळी. इंग्लंडांत सशाची शिकार पायीं करणाऱ्या लोकांनीं तें कळपांनीं पाळलें. उंची अवघी १३ ते १६ इंच, अंग भरलेलें, कान लोंबते, आवाज दूरवर जाणारा. शेंपटीचें टोंक पांढरें, म्हणजे नाक जमिनीस लावून तें गवतांत शिरलें तरी मागून येणाऱ्यास तेवढें टोंक दिसत राहतें. ससा निघून गेलेला असला तरी त्याच्या पावलांचा वास जमिनीवर उरतो, आणि त्या वासावर बीगल पुष्कळ वेळ व पुष्कळ दूर चालूं शकतें. ‘दृष्टीआड सृष्टि’ ही आपली म्हण या प्राण्यास लागू पडत नाहीं.

हें नाक तरी कसें असतें? वास ओळखणाऱ्या पेशी माणसाच्या नाकांत सुमारें ५० ते ६० लाख, तर कुत्र्याच्या नाकांत जातीपरत्वें १० ते ३० कोटि असाव्या, असा अंदाज केला जातो. माग काढतांना कुत्रें एका सेकंदांत सुमारें पांच वेळां हुंगतें. उच्छ्वास नाकपुड्यांच्या बाजूच्या फटींतून बाहेर पडतो, त्यामुळें समोरून आंत येणारा वास उधळला जात नाहीं. अमेरिकेंत १९८४ सालापासून विमानतळांवर उतारूंच्या सामानांतील फळें व मांस हुडकण्यास बीगल नेमण्यांत आलीं, तीं याच गुणामुळें. आतां एवढें मोठें यंत्र चालूं असतां त्या प्राण्याचें सारें लक्ष तेथेंच खिळावें, हें स्वाभाविक आहे. धन्यानें मारलेली हांक कानांवर पडते, पण मनापर्यंत पोंचत नाहीं. एखाद्या पुस्तकांत गढून गेलेल्या मुलास स्वयंपाकघरांतली हांक ऐकूं येऊं नये, तशांतलाच हा प्रकार. त्याला हट्टीपणा म्हणणें अन्यायाचें आहे. त्यावर भरवंसा ठेवून कुत्रें मोकळें सोडणें मात्र धोक्याचें आहे.

साजाच्या निवडीचें सूत्र येथेंच सांपडतें. ज्या साधनाचा उपयोग कुत्र्याच्या कानांवर किंवा भीतीवर अवलंबून आहे, तें ऐन वेळीं फुकट जातें. ओढतांच आवळणारी फांसाची साखळी किंवा आंतून कांटे असलेला पट्टा यांचा हेतु दुखवून थांबविण्याचा असतो. पण वासाच्या नादीं लागलेलें बीगल गळा दुखत असतांहि ओढीतच राहतें, आणि शेवटीं इजा होते ती श्वासनलिकेस. गळपट्ट्यावर ताण पडला कीं डोळ्यांतील दाब वाढतो, छातीवरून घेतलेल्या पट्ट्यानें तसा वाढत नाहीं, असें मोजून पाहण्यांत आलें आहे. तेव्हां साज असा हवा कीं, नाक मोकळें राहावें आणि देह आपल्या हातीं राहावा.

याकरितां मुख्य वस्तु म्हणजे हार्नेस. घोड्याचा तंग ज्यांनीं पाहिला आहे त्यांस त्याची कल्पना चटकन् येईल. गळ्याऐवजीं छाती व बरगड्या यांवर ताण घेणारा हा पट्ट्यांचा साज आहे. त्याचा पुढील भाग इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या आकाराचा असावा, म्हणजे ताण छातीच्या हाडावर येतो आणि खांदे मोकळे राहतात. छातीवरून आडवा जाणारा पट्टा घालण्यास सोपा खरा, पण तो चालतांना खांद्यांस अडवतो. पोटाखालचा पट्टा पुढच्या पायांच्या बगलेपासून दोन-तीन बोटें मागें असावा, नाहींतर तेथील कातडी सोलवटते. घेण्यापूर्वीं शिंप्याची फीत घेऊन मानेच्या बुंध्याचा व छातीच्या सर्वांत रुंद भागाचा घेर मोजावा. वयावरून किंवा जातीच्या नांवावरून माप ठरवूं नये. घातल्यावर प्रत्येक पट्ट्याखालीं दोन बोटें सहज शिरावीं. यानंतर एक परीक्षा घरांतच घ्यावी. दोरी लावून कुत्र्याच्या समोर उभें राहावें आणि हळूच आपल्याकडे ओढावें. तें मागें सरून त्यांतून डोकें काढून घेऊं शकलें, तर तो साज रस्त्यावर नेण्याच्या लायकीचा नाहीं. वाढत्या पिलाच्या बाबतींत हें मोजमाप पुन्हां पुन्हां करावें लागतें.

हार्नेसला दोन कड्या असाव्या, एक छातीवर व एक पाठीवर. दोऱ्याहि दोन घ्याव्या. एक चार ते सहा फुटांची, दुसरी बैलाच्या कासऱ्यासारखी लांब, पंधरा ते तीस फुटांची. यांतील कोणती केव्हां वापरावी, हें खडकवासल्याच्याच तीन जागा घेऊन पाहूं.

पहिली जागा म्हणजे धरणाकांठचा रस्ता व तेथील चौपाटी. सुट्टीच्या दिवशीं येथें भाजलेलीं कणसें व कांदाभजी यांचा घमघमाट असतो आणि मोटारींची रीघ असते. माणसास जो घमघमाट, तो बीगलला गोंगाटच. शिवाय येथें खरा धोका जमिनीवर पडलेला असतो. दाणे खाऊन फेकलेल्या कणसाचा दांडा कुत्र्यानें गिळला, तर तो आंतड्यांत अडकतो व कित्येकदां शस्त्रक्रियेवांचून निघत नाहीं. कांदा तर कुत्र्याच्या रक्तांतील तांबड्या पेशींचा नाश करतो. म्हणून येथें आंखूड दोरी, तीहि छातीवरील कडीस लावलेली. कुत्र्यानें ओढ घेतली कीं त्याचें अंग आपल्याकडे वळतें आणि बळाचा प्रयोग न करतां तें फिरवितां येतें.

दुसरी जागा पाण्याचा कांठ. पाणी ओसरल्यावर जो गाळ उघडा पडतो, तो वरून सुकलेला व आंत मऊ असतो. पक्ष्यांचा व माशांचा वास घेत कुत्रें त्यांत शिरलें, तर त्यास काढावयास जाणारा माणूसहि रुततो. आणखी एक गोष्ट विसरतां कामा नये. १९६१ च्या पुरांत फुटलेलें व पुढें पुन्हां उभें राहिलेलें हें धरण पुणें शहरास पिण्याचें पाणी पुरवितें. आपल्या कुत्र्यानें त्यांत लोळावें, हें नागरिकास शोभणारें नाहीं. तेव्हां दोरी लांब असली तरी तिचें टोंक पाण्यापासून दूरच राहील, अशा बेतानें उभें राहावें.

तिसरी जागा सिंहगडाकडील डोंगरउतार. लांब दोरीचें खरें क्षेत्र हेंच. दोरी पाठीवरील कडीस लावावी, आणि कुत्र्यास नाक खालीं घालून मनसोक्त माग काढूं द्यावा. लांब दोरी गळपट्ट्यास कधींहि बांधूं नये. तीस फूट धांवत गेलेल्या कुत्र्यास दोरी संपतांच जो हिसका बसतो, तो मानेवर बसणें भयंकर होय. दोरी हातास गुंडाळूं नये. वेटोळें करून हातांत सैल धरावी व लागेल तशी सोडावी. उंच गवतांत घोणस असूं शकते, आणि हुंगणाऱ्या कुत्र्याचें नाकच तिच्यापुढें प्रथम जातें. या डोंगरांत बिबट्याचा वावरहि आहे. म्हणून सकाळचें स्वच्छ ऊन पाहून जावें, दिवे लागणीपूर्वीं परतावें आणि गवत माजलें असेल तेथें दोरी आंखूड करावी. आपोआप गुंडाळली जाणारी डबीतील दोरी अशा कामास घेऊं नये. तिची बारीक तार बोटें कापते, झुडपांत अडकते, आणि डबी हातांतून निसटली तर तिच्या खडखडाटानें भ्यालेलें कुत्रें अधिकच पळतें.

आतां माल कोणता घ्यावा? सुताची दोरी हातास मऊ, पण पावसांत भिजून जड होते. साधी नायलॉनची दोरी हलकी, परंतु सरकतांना हात भाजते. प्लास्टिकचा लेप दिलेली पट्टी चिखलांतून काढून पुसली कीं स्वच्छ होते, म्हणून लांब दोरीस ती चांगली. चामडें टिकाऊ खरें, पण आपल्याकडील पावसाळ्यांत त्यास बुरशी येते. तेल देण्याचा आळस असेल तर घेऊं नये. दोरीच्या टोंकास भोंवरकडी असावी, म्हणजे पीळ पडत नाहीं. बक्कल व कड्या गंज न चढणाऱ्या असाव्या, आणि विकत घेतांना रंगाआधीं शिवण पाहावी. उन्हाळ्यांत गादीचा जाड हार्नेस टाळावा. कुत्र्यास माणसासारखा घाम येत नाहीं. तें धापा टाकून अंग निववितें, आणि धापा टाकीत असतां त्यास नीट हुंगतां येत नाहीं. याच कारणानें तोंड आवळून टाकणारें मुसकेंहि वर्ज्य समजावें. वैद्यानें सांगितलें तर जाळीचें, तोंड उघडतां येईल असें घ्यावें. घरीं परतल्यावर साज काढून वाळवावा आणि पट्ट्यांखालीं गोचीड आहे कीं काय तें बोटांनीं चांचपून पाहावें.

इतकें करूनहि एखादे दिवशीं कडी सुटते. त्याकरितां गळ्यांत एक हलका पट्टा असावा व त्यावर आपल्या दूरध्वनीचा क्रमांक कोरलेला बिल्ला असावा. २०२१ सालीं खडकवासला गांवहि पुणें महानगरपालिकेच्या हद्दींत आलें. पाळलेल्या कुत्र्याचा परवाना महानगरपालिकेकडून घ्यावा लागतो, हें तेथील रहिवाशांनींहि ध्यानांत ठेवावें. कातडीखालीं बसविलेली मायक्रोचिप पट्टा हरवला तरी ओळख पटविते, मात्र ती वाचण्यास यंत्र लागतें. उपग्रहाच्या साह्यानें ठावठिकाणा सांगणारा पट्टाहि उपयोगी आहे. पण डोंगराआड मोबाइलचा संपर्क तुटला कीं त्यांतील पुष्कळसे मुके होतात. शिवाय तो कुत्रें कोठें आहे तें सांगतो, त्यास थांबवीत नाहीं. दोरीची जागा तो घेऊं शकत नाहीं.

कित्येक घरांत याच्या उलट टोंकाचा उपाय केला जातो. एकदां पळालेलें कुत्रें पुढें गच्चीवर किंवा दाराशीं साखळीनें बांधून ठेवण्यांत येतें. प्राण्यांच्या छळास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यान्वयें अवास्तव आंखूड किंवा जड साखळीनें प्राण्यास गैरवाजवी वेळ बांधून ठेवणें हा अपराध आहे, आणि नेहमीं बांधलेल्या वा कोंडलेल्या कुत्र्यास फिरवून न आणणें हाहि अपराधच आहे. कायदा बाजूस ठेवला तरी नाकास काम नसलेलें बीगल रडतें, ओरडतें व घरांतील वस्तु कुरतडतें, आणि मग शेजाऱ्यांच्या तक्रारी येतात. पावसाच्या दिवसांत बाहेर पडतां आलें नाहीं, तर एका जुन्या टॉवेलाच्या घड्यांत त्याच्या जेवणांतले दाणे लपवून तो त्यापुढें टाकावा. वीस मिनिटें त्याचें नाक कामास लागतें आणि नंतर तें स्वस्थ झोंपतें. एवढें स्वस्त साधन दुकानांत मिळणार नाहीं.

सारांश, खर्च करावयाचा तो या क्रमानें करावा. आधीं मापाचा हार्नेस, मग आंखूड दोरी, मग बिल्ला, मग लांब दोरी. अंगरखे, चष्मे व झगमगीत पट्टे यांचा विचार शिल्लक उरल्यास करावा. आणि लांब दोरी घेतली कीं तिच्याबरोबर रोजचा अर्धा तासहि काढून ठेवावा. त्या वेळांत वाट कुत्र्यानें ठरवावी व आपण मागून चालावें. जें जनावर हुंगण्यासाठींच घडलें आहे, त्यास हुंगूं देणें हा लाड नव्हे. तें घरीं आणतांनाच आपण पत्करलेलें तें कर्तव्य आहे.