उत्तर बरोबर, पण अर्थ कळला का?

दहावीचा निकाल लागतो. वस्तीत पेढे वाटले जातात. इंग्रजीत सत्तर-पंचाहत्तर गुण मिळवलेली आपली मुले-मुली अकरावी सायन्सला किंवा पॉलिटेक्निकला मोठ्या उमेदीने नाव घालतात. आणि दिवाळीच्या सुमारास त्यांतलीच काही सकाळी घरात दिसू लागतात. तब्येत बरी नाही, कॉलेज लांब पडते, सर शिकवत नाहीत, अशी कारणे आईबापांना सांगितली जातात. खोदून विचारले की एकच वाक्य बाहेर येते, ‘‘पुस्तकातलं काही कळतच नाही.’’

या मुलांची गुणपत्रिका खोटी नसते. त्यांनी कॉपी केलेली नसते. मग पंचाहत्तर गुणांचे इंग्रजी चार महिन्यांत गेले कुठे? आमच्या मते ते कुठे गेले नाही. त्यातले बरेचसे मुळात आलेलेच नव्हते. वाचायला येणे आणि वाचलेले समजणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्या शाळांतून व क्लासेसमधून पहिलीवरच काम भागवले जाते.

वस्तीतल्या विहारात संध्याकाळी आम्ही काही मंडळी आठवी ते दहावीच्या मुलांची अभ्यासिका चालवतो. तेथे इंग्रजीचा उतारा सोडवायला दिला की मुले काय करतात ते पाहण्यासारखे असते. उतारा कोणी वाचतच नाही! आधी खालचा प्रश्न बघायचा, प्रश्नातला एखादा ठळक शब्द पकडायचा, तो शब्द वरच्या उताऱ्यात बोटाने शोधायचा, आणि सापडला की ते वाक्य उचलून खाली लिहायचे. पाच मिनिटांत वही पुढे येते. उत्तरे बहुधा बरोबर असतात. ही युक्ती मुलांनी शोधलेली नाही, त्यांना ती शिकवली जाते.

ही युक्ती काय लायकीची आहे हे दाखवण्यासाठी आम्ही एकदा फळ्यावर मराठीतच एक वाक्य लिहिले : ‘एका पिंगटीत लोमट्याने सारी टोंबरे चिमसली, म्हणून गावकरी त्याच्यावर फुरगटले.’ खाली प्रश्न विचारले. टोंबरे कोणी चिमसली? लोमट्याने. कुठे चिमसली? पिंगटीत. गावकरी लोमट्यावर का फुरगटले? कारण त्याने सारी टोंबरे चिमसली. पैकीच्या पैकी गुण! मग आम्ही विचारले, ‘‘टोंबरे म्हणजे काय रे?’’ वर्ग हसायला लागला. शब्द आम्हीच बनवलेले, त्यांना अर्थच नव्हता. हसू ओसरल्यावर नववीची एक मुलगी हळूच म्हणाली, ‘‘सर, माझं इंग्रजी सगळं असंच आहे.’’

वाचकहो, खरे दुखणे तिने नेमके सांगितले.

आता हे अडते कुठे? पालकांचा समज असा की मुलांना मोठमोठे शब्द येत नाहीत, म्हणून शब्द पाठ करून घ्यावेत. रोज वीस शब्द स्पेलिंगसह घोकून घेणारे वडील आमच्या ओळखीचे आहेत. त्यांच्या चिकाटीला आम्ही मानतो. परंतु आमचा अनुभव असा की मोठा शब्द मुलाला तितकासा फसवत नाही. तो येत नाही हे त्याला कळते, तो विचारतो. फसवतात ते लहान शब्द, जे आपल्याला येतात असे त्याला वाटते. ‘हार्ड’ म्हणजे कठीण, म्हणून ‘ही हार्डली स्पोक’ म्हणजे ‘तो कठोर बोलला’. प्रत्यक्षात तो जवळजवळ बोललाच नाही. ‘द वेल वॉज ड्राय’ यात मुले ‘वेल’ म्हणजे ‘चांगले’ धरून बसतात आणि विहीर कोरडी पडल्याचे त्यांच्या गावीही नसते. ‘अ फ्यू’ म्हणजे थोडे तरी, आणि नुसते ‘फ्यू’ म्हणजे नसल्यात जमा. एका अक्षराने अर्थ फिरतो. ‘अनलेस’ची तर गंमतच. ‘अनलेस द पेरेंट साइन्स द फॉर्म, इट विल नॉट बी ॲक्सेप्टेड’ या वाक्याचा अर्थ एका हुशार मुलाने आम्हाला सांगितला : ‘‘पालकांनी सही केली तर फॉर्म घेणार नाहीत.’’ हेच वाक्य उद्या शिष्यवृत्तीच्या अर्जावर असेल तर? तेथे गुण कापले जात नाहीत, वर्षाचे पैसे जातात.

दुसरा एक प्रसंग सांगतो. उतारा आम्हीच लिहिला होता, अगदी सोपा. ‘शी केम होम आफ्टर डार्क. शी वॉज टू टायर्ड टू लाइट द स्टोव्ह. द चिल्ड्रन ड्रँक वॉटर अँड वेंट टू स्लीप.’ स्टोव्ह पेटवण्याबद्दलच्या प्रश्नाचे उत्तर सर्वांनी बरोबर उतरवले. त्यानंतर आम्ही मराठीत विचारले, ‘‘मुलं जेवली का?’’ बहुतेकांनी ‘हो’ म्हटले. एक जण तर ठामपणे म्हणाला, ‘‘स्टोव्ह पेटवला ना सर, लाइट लिहिलंय की!’’ ‘टू टायर्ड टू’चे व्याकरण त्याला पाठ होते. ‘सो... दॅट’ करून वाक्य बदलून दाखव म्हटले असते तर त्याने दाखवलेही असते. पण आई इतकी दमली होती की चूलही पेटली नाही, पोरे पाणी पिऊन झोपली, हे चित्र त्याच्या डोळ्यांपुढे उभे राहिले नाही. आणि असे चित्र ज्याने पाहिलेले नाही असे घर आपल्या वस्त्यांत विरळाच!

हे केवळ आमच्याच अभ्यासिकेतले आहे असे नाही. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ पाहणीत २०२३ साली २६ राज्यांतल्या २८ ग्रामीण जिल्ह्यांत १४ ते १८ वयाच्या मुलामुलींना इंग्रजी वाक्ये वाचायला दिली होती. शंभरात सुमारे ५७ जणांना ती वाचता आली. पण वाचू शकणाऱ्यांतही जवळपास चौथ्या हिश्शाला वाचलेल्या वाक्याचा अर्थ सांगता आला नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, याच वयाच्या साधारण चौथ्या हिश्शाला आपल्या भाषेतला दुसरीच्या इयत्तेचा मजकूरही नीट वाचता येत नव्हता. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आले, त्याआधी ते पाचवीपासून असे. वर्षे वाढली हे चांगलेच झाले. पण मराठीतली गोष्ट वाचून जो ती दुसऱ्याला सांगू शकत नाही, त्याला इंग्रजीतली कशी सांगता येईल? म्हणून इंग्रजी कच्चे आहे म्हणून मराठी वाचन बंद करणाऱ्या पालकांशी आमचे मुळीच जमत नाही.

‘‘आम्ही अडाणी, आम्हाला कुठं इंग्रजी येतं?’’ असे आया म्हणतात. आमचे सांगणे आहे की या कामाला आईला इंग्रजी यायची गरज नाही. रोज रात्री पंधरा मिनिटे काढावीत. मुलाच्या इयत्तेच्या दोन इयत्ता खालच्या पुस्तकातला दहा-बारा ओळींचा उतारा घ्यावा. दोन इयत्ता खालचा का, तर पहिल्या दिवशीच ठेच लागू नये. त्याने तो मनात दोनदा वाचावा, ओरडून नव्हे. मग पुस्तक मिटून आईजवळ द्यावे आणि काय वाचले ते मराठीत, घरात बोलतो त्या बोलीत सांगावे. आईने फक्त विचारत राहावे, कोण होतं, कुठं होतं, मग काय झालं, असं का केलं त्यानं? अडखळला की पुस्तक परत द्यावे. आमच्याकडे येणाऱ्या एका मुलीच्या आईने त्या स्टोव्हच्या उताऱ्यावर विचारले होते, ‘‘मग त्या बाईनं सकाळी तरी पोरांना काही दिलं का गं?’’ मुलगी म्हणाली, ‘‘आई, ते लिहिलेलं नाही.’’ ‘‘नीट बघ.’’ मुलीने पुन्हा तीन ओळी वाचल्या. लिहिलेले नाही, हे शोधण्यासाठीसुद्धा सगळे समजून वाचावे लागते! कुठल्याही गाइडात असा प्रश्न आम्ही पाहिलेला नाही.

शब्द अडला तर लगेच शब्दकोश उघडू देऊ नये. आधी मागच्या-पुढच्या वाक्यावरून अंदाज बांधावा, तो वहीत लिहावा, मगच शब्दकोशात पाहावे. एका उताऱ्याला तीनच शब्द. आता मोबाइलवर पानाचा फोटो काढला की सगळे भाषांतर समोर येते. ते बंद करा असे आम्ही म्हणणार नाही, केल्याने ते बंद होणारही नाही. स्वतः सांगून झाल्यावर पडताळून पाहण्यासाठी ते ठीक आहे. आधी पाहिले तर ते गाइडच, फक्त खिशातले.

बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ यांनी मुलाकडून तर्खडकरांच्या भाषांतर पाठमाला करून घेतल्या, हे चरित्रात आपण वाचले आहे. पाठांतराचा भाग सोडा. एका भाषेतला अर्थ दुसऱ्या भाषेत उतरवण्याची रोजची सवय, हा त्यातला गाभा होता.

वाचायला काय द्यावे? बालभारतीची पुस्तके संकेतस्थळावर फुकट मिळतात. रेल्वे स्टेशनवरच्या पाट्या मराठी, हिंदी, इंग्रजी अशा तिन्ही भाषांत असतात. इंग्रजी आधी वाचून मराठीने पडताळता येते. बिस्किटाच्या पुड्यावर ‘बेस्ट बिफोर सिक्स मंथ्स फ्रॉम मॅन्युफॅक्चर’ छापलेले असते. त्याचा अर्थ विचारून पाहा, दहावीच्या मुलाचीही भंबेरी उडते. आणि थोडी तयारी झालेल्या मुलांना बाबासाहेबांचे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ द्यावे असे आम्ही सुचवतो. छोटेसे लिखाण आहे, इंग्रजी साधे, वाक्ये सरळ. शिवाय त्यातल्या कथा आपल्या मुलांनी व्याख्यानांतून मराठीत ऐकलेल्या असतात. ज्या विषयाची माहिती आधी आहे त्यावरचे परके वाक्य लवकर समजते, हा वाचनातला मोठाच फायदा आहे.

त्यातला पहिला प्रसंग १९०१ सालचा. साताऱ्याहून वडिलांकडे गोरेगावला निघालेली मुले मसूर स्टेशनावर उतरतात. घ्यायला कोणी आलेले नसते. मुलांची जात कळल्यावर गाडीवान मिळत नाही. शेवटी एक जण दुप्पट भाडे घेऊन तयार होतो, पण गाडी मुलांनी हाकायची आणि तो स्वतः पायी चालणार. आमच्या मुलांना आम्ही विचारले, ‘‘गाडी त्याची, भाडे दुप्पट, तरी चालत तो का गेला?’’ हे उत्तर एका वाक्यावर बोट ठेवून सापडत नाही. चार ठिकाणचे जोडावे लागते. त्या दिवशी पाऊण तास वाद झाला. एकीचे म्हणणे, त्याला विटाळाची भीती. दुसरा म्हणाला, त्यापेक्षा पाहणाऱ्यांची भीती. आणि दोघेही पुरावा म्हणून इंग्रजी ओळी वाचून दाखवत होते! आम्हाला त्या वेळी घड्याळाकडे पाहवले नाही.

परीक्षेचे म्हणाल, तर या सवयीने गुण कमी होत नाहीत. आता प्रश्नपत्रिकेला कृतिपत्रिका म्हणतात. तीत पुस्तकाबाहेरचा उतारा असतो, सारांश लिहायचा असतो, आणि उताऱ्याच्या शेवटी स्वतःचे मत विचारलेले असते. हा मताचा प्रश्न आपली मुले सर्रास कोरा सोडतात, कारण उचलायला वाक्य नसते. रात्री आईला गोष्ट सांगणाऱ्या मुलाला मत असतेच, फक्त दोन ओळी इंग्रजीत मांडायच्या राहतात. परीक्षेत प्रश्न आधी नजरेखालून घालायला आमची हरकत नाही, पण त्यानंतर उतारा वरपासून खालपर्यंत एकदा वाचलाच पाहिजे.

मुलींबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. आमच्याकडे मुले सात वाजता येतात आणि त्यांच्या बहिणी आठ वाजता, भांडी घासून झाल्यावर. पंधरा मिनिटांचे वाचन त्यांच्याही वाट्याला यायचे असेल तर ते भांड्यांच्या आधी ठेवावे.

एप्रिलमध्ये परीक्षा संपली की पाचवी ते आठवीची इंग्रजीची पुस्तके रद्दीत जातात. ती आपल्या जवळच्या विहारातल्या अभ्यासिकेला द्यावीत. फाटकी असली तरी चालतात. मात्र पेन्सिलीने उत्तरांखाली रेघा मारलेल्या असतील तर तेवढ्या खोडून द्याव्यात.