‘नको’, ‘नक्को’ आणि ‘नो प्रॉब्लेम’

हैदराबादच्या जामबागेत माझी आत्या राहायची. दिवाळीच्या सुटीत आमचा मुक्काम तिच्याकडे ठरलेला असे. त्या काळी जामबागेत फुलांचा मोठा बाजार होता. सकाळी पूजेची फुले आणायला आत्याबरोबर मी आणि आई निघायचो. फुलवाली शेवंतीचा वाटा पुढे करी. आत्या म्हणे, ‘नको.’ शेजारी उभी असलेली तेलुगू बाई म्हणे, ‘वद्दु.’ पलीकडची चाची म्हणे, ‘नक्को.’ आणि माझी आई, जिचे माहेर कन्नड, तिच्या तोंडून नकळत ‘बेड’ निघून जाई. फुलवालीला चारही नकार बरोबर कळत. हात मागे जाई. भाव मात्र खाली येत नसे!

पुढे महाविद्यालयात इंग्रजी शिकवू लागले, तेव्हा ती फुलवाली वारंवार आठवू लागली. कारण आमच्या सीमाभागातली मुले इंग्रजीत अडतात ती पुष्कळदा अवघड शब्दांवर नव्हे, तर ‘नो’ आणि ‘नॉट’ या दोन चिमुकल्या शब्दांवर.

आपले तीन नकार

वाचकहो, एक छोटा प्रयोग करून पाहा. ‘बाबा घरात नाहीत’, ‘हे आमचे घर नव्हे’ आणि ‘मला नको’ ही तीन वाक्ये घ्या. आता तीच कन्नडमध्ये म्हणा. ‘अप्पा मनियाग इल्ल’, ‘इदु नम्म मनि अल्ल’, ‘ननग बेड’. नाही म्हणजे इल्ल, नव्हे म्हणजे अल्ल, नको म्हणजे बेड. जणू एकाच साच्यातून काढलेले! तेलुगूतही तीच तऱ्हा. लेदु, कादु, वद्दु. एखादी गोष्ट नसणे, एक गोष्ट दुसरी नसणे आणि एखादी गोष्ट नकोशी असणे, हे आपल्याकडे तीन निरनिराळे नकार आहेत. मनाईही आपण तिसऱ्याच शब्दाने करतो. ‘जाऊ नको’, ‘होगबेड’.

हिंदीत ‘नको’ला असा एकच सुटसुटीत शब्द नाही. ‘नहीं चाहिए’ म्हणावे लागते. दखनी बोलणाऱ्यांना हा वळसा मानवला नसावा. त्यांनी सरळ शेजाऱ्याच्या घरातला शब्द उचलला. दखनीतला ‘नक्को’ मराठीच्या ‘नको’वरून आला, असे भाषेचे जाणकार मानतात. ‘चाय नक्को’ही चालते आणि ‘नक्को जाओ’ही चालते, अगदी आपल्यासारखेच. आज हैदराबादी बोलीची ओळख म्हणून जो शब्द कौतुकाने सांगितला जातो, तो मुळात आपल्या स्वयंपाकघरातला आहे.

आपणच मात्र आपली ठेव हळूहळू सोडतो आहोत. माझ्या वर्गातली मुले ‘हे माझे पुस्तक नाही’ असेच म्हणतात. ‘नव्हे’ फक्त धड्यात उरला. कन्नड घरातून आलेला मुलगा मात्र ‘इल्ल’ आणि ‘अल्ल’ यांत कधी चुकत नाही. त्याच्याशी तुलना केली की मराठी मुलांना ‘नव्हे’ लगेच उमगतो. दोन भाषांच्या घराचा हा एक मोठा फायदा!

इंग्रजीची कसरत

इंग्रजीत या तिन्ही ठिकाणी ‘नॉट’ हा एकच गडी राबतो. म्हणूनच की काय, त्या एका नकाराभोवती इंग्रजीने वाक्प्रचारांचे मोठे गोकुळ उभे केले आहे. त्यातले सोपे आपण रोज वापरतो. नो डाउट, नो यूज, नो वंडर, नेव्हर माइंड, नथिंग डुइंग. ‘मेन्शन नॉट’ तर आपल्याकडचाच. इंग्रज माणूस ‘डोन्ट मेन्शन इट’ म्हणतो.

अडचण येते ती वरून नकार आणि आतून होकार असलेल्या प्रयोगांची. ‘आय कान्ट वेट’ म्हणजे ‘मी थांबणार नाही, निघालो’ असे नव्हे. ‘कधी एकदा तो दिवस येतो असे झाले आहे’ असा त्याचा अर्थ. ‘आय कुडन्ट ॲग्री मोअर’ ऐकून माझ्या एका विद्यार्थिनीला वाटले, समोरच्याला आपले पटलेले नाही. खरे तर ‘शंभर टक्के पटले’ असे तो सांगत होता. ‘नथिंग बट’ म्हणजे ‘फक्त तेच’ आणि ‘एनीथिंग बट’ म्हणजे ‘ते तर मुळीच नाही’. शब्द पाहावे तर अर्थ उलटा!

पण या बाबतीत आपणही काही साधे नाही. ‘नाही म्हणायला झाडावर एक कावळा होता’ या वाक्यात कावळा आहे की नाही, हे परक्या माणसाला समजावून सांगून पाहा. ‘असून अडचण, नसून खोळंबा’ आणि ‘नन्नाचा पाढा’ तरी इंग्रजीत कसे नेणार? ‘नाचता येईना, अंगण वाकडे’ ही म्हण मात्र कन्नडमध्ये जशीच्या तशी भेटते. ‘कुणियलारदवळु नेल डोंकु अंदळु.’ दोन्हीकडे न जमणे क्रियापदातच मुरलेले आहे, वेगळा ‘नाही’ लागतच नाही.

एक ‘येस’ महागात पडला

हा नुसता व्याकरणाचा खेळ नाही. काही वर्षांपूर्वी माझा एक विद्यार्थी नोकरीच्या मुलाखतीला गेला. हुशार, कष्टाळू, घरची गरज मोठी. साहेबांनी विचारले, ‘डू यू माइंड वर्किंग ऑन संडेज?’ हा उत्साहाने म्हणाला, ‘येस सर, येस सर!’ त्याला म्हणायचे होते, ‘हो, करीन.’ साहेबांनी ऐकले, ‘हो, माझी हरकत आहे.’ नोकरी गेली. महिनाभराने माझ्याकडे येऊन त्याने विचारले, ‘मॅडम, माझे चुकले काय?’ मला वाईट वाटले. ‘अफर्मेटिव्हचे निगेटिव्ह करा, अर्थ बदलू देऊ नका’ असले प्रश्न आम्ही त्याच्याकडून ढिगाने सोडवून घेतले होते. हे मात्र शिकवायचे राहूनच गेले होते.

नकारार्थी प्रश्नातही हाच घोटाळा होतो. ‘तू येणार नाहीस ना?’ याला आपण ‘हो, येणार नाही’ म्हणतो. कन्नडमध्येही ‘नीनु बरूदिल्लेनु?’ला ‘हौदु, बरूदिल्ल’. आपण प्रश्नकर्त्याच्या म्हणण्याला होकार देतो. इंग्रजीत उत्तर घटनेकडे पाहून द्यावे लागते. येणार नसाल तर ‘नो, आय वोन्ट’. मुलांना हा फरक घरच्या दोन भाषांतली वाक्ये शेजारी ठेवून दाखवला, तर पाच मिनिटांत कळतो.

आणि ‘नो प्रॉब्लेम’चे म्हणाल, तर तो आपल्याकडे पूर्वीपासून आहे. कन्नडमध्ये ‘परवागिल्ल’, तेलुगूत ‘परवालेदु’. फारसीतल्या ‘पर्वा’ला शेवटी आपापला नकार जोडलेला. ‘हरकत नाही’ आणि ‘ठीक आहे, वाईट नाही’ असे दोन्ही अर्थ त्यात येतात, म्हणजे ‘नो प्रॉब्लेम’ आणि ‘नॉट बॅड’ एकाच शब्दात!

जामबागेतला दुसरा नकार

जामबागेने एक कडू नकारही ऐकला आहे. मराठी मंडळींच्या पुढाकाराने सुरू झालेली विवेकवर्धिनी ही संस्था इथलीच. तिच्या नाट्यगृहात नोव्हेंबर १९२१ मध्ये निजाम राज्यातली समाजसुधारणा परिषद भरली होती. अध्यक्ष होते महर्षी धोंडो केशव कर्वे. तिथे अल्लमपल्ली वेंकटरामराव तेलुगूतून बोलायला उठले, तेव्हा श्रोत्यांनी त्यांची हेटाळणी केली. दुखावलेली तेलुगू मंडळी त्यानंतर लगेच एकत्र जमली आणि ‘आंध्र जनसंघम्’ची स्थापना झाली. पुढच्या आंध्र महासभेची मुळे तिथे आहेत. स्त्रियांच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचलेल्या कर्व्यांच्या अध्यक्षतेखाली, सुधारणेच्याच सभेत, एका भाषेला ‘नको’ म्हटले गेले!

सीमाभागात राहणाऱ्या आपल्याला ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको. फुलाच्या वाट्याला ‘नको’ म्हटले तर फुलवाली रागावत नाही. माणसाच्या भाषेला म्हटलेला ‘नको’ मात्र त्याच्या मनात घर करून राहतो. आज आपल्या घरात नातवंडे आजीच्या कन्नडला किंवा आजोबांच्या मराठीला इंग्रजीत उत्तर देतात. त्यांना मुद्दाम दुखवायचे नसते, पण आजी गप्प होते.

रात्रीच्या जेवणाला मुलांबरोबर एक खेळ खेळा. एकाने इंग्रजीतला ‘नो’चा वाक्प्रचार सांगायचा, दुसऱ्याने तो मराठीत आणि तिसऱ्याने कन्नडमध्ये बसवायचा. अडले तर आजीला विचारायचे. ‘नो पेन, नो गेन’ आला की आजीला हमखास एक म्हण आठवेल. ‘ऊट बल्लवनिगे रोगविल्ल, मातु बल्लवनिगे जगळविल्ल.’ जेवणे जाणतो त्याला रोग नाही, बोलणे जाणतो त्याला भांडण नाही.