सुगाव्यापासून श्रमदानापर्यंत

डिसेंबर २००९ मध्ये सचिन तेंडुलकरने लोकांना एक कोडं घातलं. आमिर खान वेश पालटून देशभर फिरायला निघाला आहे. तो आधी कुठे जाणार, ते ओळखा. आमिरच्या आईचं जन्मगाव हा पहिला सुगावा होता आणि त्याचं उत्तर होतं वाराणसी. पुढचे दोन आठवडे हा लपंडाव सुरू राहिला. कोलकात्यात आमिर चाहता बनून सौरव गांगुलीच्या दारात उभा राहिला, तेव्हा सुरक्षारक्षकाने त्याला आत सोडलं नाही. गुजरातमधल्या पालिताण्याच्या शाळेत तो गेला आणि मध्य प्रदेशातल्या चंदेरीत करीना कपूरसह विणकरांच्या घरी पोचला. २५ डिसेंबरला ‘थ्री इडियट्स’ प्रदर्शित झाला. देशांतर्गत दोनशे कोटींचा पल्ला ओलांडणारा हा पहिला हिंदी चित्रपट. त्याचे दिग्दर्शक राजकुमार हिराणी हे आपल्या विदर्भातले, नागपूरचे.

चित्रपटाचं कथानक आठवा. कॉलेज संपल्यावर नाहीसा झालेला रँचो शोधायला त्याचे दोन मित्र निघतात. जाहिरातीच्या खेळात नेमकी हीच भूमिका प्रेक्षकांना मिळाली. तिकीट काढण्याआधीच त्यांचा शोध सुरू झाला होता. भिंतीवरचं पोस्टर माणूस बघतो आणि पुढे जातो. शोधाला लागलेला माणूस मात्र चार जणांना विचारतो, तर्क लढवतो, चुकतो, पुन्हा शोधतो. ती जाहिरात त्याची स्वतःची होऊन जाते.

या प्रकाराला ‘ऑल्टरनेट रिॲलिटी गेम’ म्हणतात. त्याची सुरुवात साधारणपणे २००१ पासून धरतात. स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या ‘ए.आय.’ या चित्रपटाच्या पोस्टरवरच्या श्रेयनामावलीत जेनीन साला हे नाव होतं आणि तिचा हुद्दा होता यंत्रमानवांची मानसोपचारतज्ज्ञ. असा हुद्दा कुठे असतो, म्हणून काहींनी इंटरनेटवर ते नाव शोधलं, आणि त्यांच्यापुढे भविष्यातलं एक अख्खं जग उघडलं. त्यात खोट्या संस्था होत्या, पत्रव्यवहार होता, फोन क्रमांक होते आणि एका खुनाचं रहस्य होतं. मायक्रोसॉफ्टच्या एका चमूने हा खेळ रचला होता. कोडी इतकी अवघड होती, की एकट्याला सुटणं शक्यच नव्हतं. म्हणून हजारो अनोळखी माणसं एकत्र आली. कुणाला संगीत कळत होतं, कुणाला प्रोग्रॅमिंग, कुणाला जुन्या भाषा. पडद्यामागे राहून खेळ चालवणाऱ्यांना पुढे ‘पपेटमास्टर’ हे नाव पडलं. आपण त्यांना सूत्रधार म्हणू.

या प्रकाराचं सर्वांत गाजलेलं उदाहरण २००८ च्या ‘द डार्क नाइट’चं. ‘४२ एंटरटेनमेंट’ या कंपनीने चित्रपटाच्या आधी वर्षभराहून अधिक काळ हा खेळ चालवला. डिसेंबर २००७ मध्ये खेळाडूंना अमेरिकेतल्या निरनिराळ्या शहरांतल्या बेकऱ्यांचे पत्ते मिळाले. तिथे जाऊन ठरलेलं नाव सांगायचं आणि केक घ्यायचा. केकवर आयसिंगने एक फोन क्रमांक लिहिलेला. तो फिरवला, की हातातला केकच वाजू लागायचा. केक फोडला, की आत पिशवीत बंद केलेला मोबाइल सापडायचा. त्या क्षणापासून तो माणूस जोकरच्या टोळीत सामील! ७५ हून अधिक देशांतले एक कोटींवर लोक खेळात सहभागी झाले, असा कंपनीचा दावा आहे.

वऱ्हाडाला चित्रपटाची जाहिरात नवी नाही. सेंट्रल प्रॉव्हिन्सेस अँड बेरार हा प्रांत नकाशावरून जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण चित्रपटाच्या धंद्यात ‘सीपी-बेरार सर्किट’ हा शब्द टिकून राहिला आणि अमरावती हे त्या सर्किटमधलं वितरणाचं महत्त्वाचं ठाणं ठरलं. भोंगा लावलेला टांगा किंवा रिक्षा गल्लीत शिरली, की पत्रकं गोळा करायला पोरं तिच्यामागे धावायची. तो पुकारा मात्र एकतर्फी होता. भोंगा बोलायचा, गाव ऐकायचं. लोकांच्या हाती काम देणारा मोठा खेळ वऱ्हाडात आला तो २०१६ साली, आणि त्यात विकायला चित्रपट नव्हता.

आमिर खान आणि किरण राव यांनी त्या वर्षी पाणी फाउंडेशन स्थापन केलं आणि ‘सत्यमेव जयते वॉटर कप’ ही गावागावांतली स्पर्धा जाहीर केली. पहिल्या वर्षी तीनच तालुके निवडले होते: साताऱ्यातला कोरेगाव, बीडमधला अंबाजोगाई आणि अमरावती जिल्ह्यातला वरूड. ११६ गावं उतरली. वरूडची निवड महत्त्वाची होती. हा संत्र्याचा मुलूख. बागा जगवण्यासाठी बोअर खोल खोल जात राहिले आणि भूजलाचा उपसा पुनर्भरणाच्या पलीकडे गेला.

काटेकोर अर्थाने वॉटर कप हा काही ऑल्टरनेट रिॲलिटी गेम नव्हे. इथे काल्पनिक खून नाही, खोटा पत्ता नाही. तरी दोन्हींची हाडं एकच आहेत. ठरलेली मुदत, उघड नियम, गुण, एकट्याने न झेपणारं काम, आणि टप्प्याटप्प्याने हाती येणारं ज्ञान. गावातल्या निवडक बाया-माणसांना आधी प्रशिक्षण मिळालं. परत येऊन त्यांनी गावाला शिकवायचं होतं. त्यातली एकच गोष्ट जवळून पाहू. डोंगरउतारावर सलग समतल चर खणायचा, तर उताराला आडवी, एकाच उंचीवरची रेषा हवी. त्यासाठी हायड्रोमार्कर वापरतात: दोन काठ्या, त्यांवर मोजपट्टी, आणि दोन्हींना जोडणारी पाण्याने भरलेली पारदर्शक नळी. एक जण एका जागी काठी धरून उभा राहतो, दुसरा उतारावर मागेपुढे सरकतो. नळीच्या दोन्ही टोकांतलं पाणी एकाच आकड्यावर थांबलं, की तिथे फक्कीची खूण करायची. अशा खुणा जोडत गेलं, की डोंगरावर पांढरी रेघ उमटते आणि तिच्यावर टिकाव पडतो. वाहून जाणारं पाणी चरात अडतं, जिरतं. शाळेत न गेलेल्या माणसालाही ही रेघ आखता येते. सुगावा उलगडल्याचा आनंद तोच, फक्त इथे उत्तर जमिनीत खणलं जातं.

पहिल्या वर्षी कोरेगाव तालुक्यातलं वेळू अव्वल आलं आणि वरूड तालुक्यातल्या वाठोड्याने तिसरा क्रमांक विभागून मिळवला. पुढच्या वर्षी स्पर्धा तीस तालुक्यांत गेली, त्यानंतर पंचाहत्तर. अनेक गावांनी तर मुदत सुरू होताच, मध्यरात्रीच घमेली-फावडी उचलली. वरूडचा पाणीप्रश्न यामुळे मिटला, असं म्हणणं खोटं ठरेल. चर खणले तरी उपशाला लगाम लागला नाही, तर जिरवलेलं पाणी पुन्हा बोअरमधून वर येतं. म्हणूनच पाण्याचा ताळेबंद हा स्पर्धेचाच भाग होता. पण एरवी ग्रामसभेत एकमेकांकडे पाठ करून बसणारी माणसं एका चरात उतरली, ही गोष्ट कुठल्याही शासकीय परिपत्रकाने घडवली नसती.

खेळाच्या या ताकदीची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. असे खेळ रचणाऱ्यांचं ब्रीदच होतं, की हा खेळ आहे हे खेळात कधीच कबूल करायचं नाही. २००१ मध्ये ते रोमांचक होतं. प्रत्येक खिशात मोबाइल आल्यावर ते घातक झालं. फेब्रुवारी २०२४ मध्ये पूनम पांडे या अभिनेत्रीच्या मृत्यूची बातमी तिच्या खात्यावरून पसरवण्यात आली आणि दुसऱ्या दिवशी ती जिवंत असल्याचं, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविषयी जागृती करण्यासाठी हे केल्याचं तिनेच सांगितलं. हेतू काहीही असो, दिवसभर लोकांच्या शोकाशी खेळ झाला होता. आणि १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून पाच भिक्षुकांना जमावाने ठार मारलं. तिथे कुणी खेळ रचला नव्हता. मोबाइलवर फिरणाऱ्या अफवांतून गावकऱ्यांनी स्वतःच सुगावे जोडले आणि चुकीचं उत्तर काढलं. खरं-खोटं मुद्दाम मिसळणाऱ्या प्रत्येक जाहिरातदाराने राईनपाडा आठवावा.

म्हणून अशा मोहिमेला माझ्या मते दोन कसोट्या लावाव्यात. सूत्रधार कोण आहे, हे खेळणाऱ्याला कळतं का? आणि खेळ संपल्यावर त्याच्या हाती काही उरतं का? पूनम पांडे प्रकरण पहिल्याच कसोटीवर नापास होतं. ‘थ्री इडियट्स’चा खेळ ती पार करतो, कारण आमिर चित्रपटासाठीच फिरतो आहे, हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण खेळणाऱ्याच्या हाती शेवटी करमणुकीची आठवण उरली. वॉटर कप दोन्ही कसोट्यांना उतरतो.

असा खेळ रचण्याचं काम आता आपलं आहे. कूटलिपी उलगडण्याचा वारसा वऱ्हाडाला परका नाही. मोर्शी तालुक्यातलं रिद्धपूर हे महानुभाव पंथाचं थोर स्थान, आणि या पंथाने आपले ग्रंथ शतकानुशतके सकळ लिपीसारख्या कूटलिपींत जपले. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांच्यासारख्या संशोधकांनी त्या उलगडल्या, तेव्हा मराठीचा केवढा तरी ठेवा अभ्यासकांपुढे आला. अकोल्याचा असदगड, बाळापूरची छत्री, अकोटजवळचा नरनाळा, चिखलदऱ्याचा गाविलगड आपल्याच अंगणात आहेत, आणि आपल्या मुलांना त्यांची नावंच तेवढी माहीत असतात. अमरावती-अकोल्याच्या महाविद्यालयांनी, राष्ट्रीय सेवा योजनेच्या पथकांनी आणि गणेश मंडळांनी या जागांवर एक खेळ रचावा. प्रत्येक सुगाव्यासाठी जागेवर जावं लागेल, शिलालेख वाचावा लागेल, गावातल्या जुन्या माणसाला विचारावं लागेल आणि शेवटच्या टप्प्यावर एखाद्या बारवेतला गाळ उपसावा लागेल. अशा खेळाला पैसा फार लागत नाही. नियम उघड ठेवायचे आणि पहिल्याच पत्रकावर आयोजकांची नावं ठळक छापायची. येत्या उन्हाळ्याच्या सुट्टीत एका तालुक्यापासून सुरुवात करा.