वसतिगृहातला मृत्यू : तपास नेमका कुठे अडतो?

दापोली तालुक्यातल्या मुरुड गावाची ओळख महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्यामुळे महाराष्ट्राला आहे. कर्व्यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रमाची संस्था उभी केली आणि १९०० साली आश्रम हिंगण्याला नेला. आपली लेक परक्या छपराखाली ठेवायला लोक तयार होणे, ही त्या कामातली सर्वांत अवघड गोष्ट होती. निवासी शिक्षण मुळात विश्वासाचा व्यवहार आहे. पालक मूल सोपवतात, संस्था ते सांभाळते. अशा ठिकाणी एखाद्या विद्यार्थ्याचा संशयास्पद मृत्यू झाला, तर त्या विश्वासाचा हिशेब कोणी मागायचा आणि कसा, हा या लेखाचा विषय आहे.

रहस्यकथेत हे काम सोपे असते. नामांकित शाळा, बंद खोली, एक चतुर गुप्तहेर आणि शेवटच्या प्रकरणात उलगडा. प्रत्यक्षात काम सुरू होते ते पोलीस ठाण्यातल्या एका नोंदीने. तिला 'अकस्मात मृत्यू' किंवा बोलीभाषेत 'एडी' म्हणतात. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १७४ यासाठी होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १९४ लागू आहे. पोलीस अधिकाऱ्याने घटनास्थळी जायचे, परिसरातल्या दोन किंवा अधिक प्रतिष्ठित व्यक्तींसमक्ष पंचनामा करायचा, अंगावरच्या जखमा व खुणा लिहायच्या आणि मृत्यूच्या कारणाबद्दल शंका असल्यास शवविच्छेदन करवून घ्यायचे, अशी ही रीत आहे. अहवाल चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांकडे पाठवावा, असे नवा कायदा सांगतो.

मात्र या चौकशीची कक्षा मर्यादित आहे. मृत्यू कसा झाला, एवढेच ती पाहते. त्याला जबाबदार कोण, हे शोधायचे तर गुन्हा नोंदवावा लागतो. 'एडी' नोंदवून फाईल बंद झाली की तो दुसरा प्रश्न कोणी विचारतच नाही.

वसतिगृहात पुरावा लवकर का नाहीसा होतो, हेही समजून घ्यायला हवे. खोलीत दोघे-तिघे राहतात. घटना कळताच रेक्टर, शिपाई, मित्र आत जातात. खोली झाडली जाते, सामान बांधून घरी पाठवले जाते. सीसीटीव्हीचे जुने चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसले जाते. साक्षीदार बहुतेक मुलेच असतात, आणि त्यांना उद्या त्याच संस्थेत परीक्षेला बसायचे असते. संस्थेला नावाची काळजी असते. त्यासाठी कोणी मुद्दाम खोटे बोलायलाच हवे असे नाही, सगळे गप्प राहिले तरी पुरते.

मुंबईच्या आयआयटीतले उदाहरण बोलके आहे. १२ फेब्रुवारी २०२३ रोजी तिथे पहिल्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याचा मृत्यू झाला. जातीय भेदभावाचा आरोप झाला. संस्थेच्या अंतर्गत समितीला भेदभावाचा थेट पुरावा आढळला नाही आणि अभ्यासातली पिछेहाट हे संभाव्य कारण म्हणून पुढे आले. दरम्यान मुंबई पोलिसांचे विशेष तपास पथक नेमले गेले. त्या पथकाला मृत्यूनंतर सुमारे तीन आठवड्यांनी त्याच्याच खोलीत एक चिठ्ठी मिळाली. पुढे गुन्हा नोंदला गेला आणि एका सहाध्यायाला अटक झाली. दोषी कोण हे न्यायालय ठरवील. आपल्यासाठी मुद्दा वेगळा आहे : ती खोली पहिल्याच दिवशी सील करून कसोशीने तपासली गेली असती, तर चिठ्ठीसाठी तीन आठवडे लागले नसते.

खरगपूर आयआयटीतल्या घटनेने शवविच्छेदनाचे महत्त्व दाखवले. ऑक्टोबर २०२२ मध्ये एका विद्यार्थ्याचा मृतदेह वसतिगृहात सापडला आणि आत्महत्येची शक्यता मांडली गेली. कुटुंब कोलकाता उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने निवृत्त न्यायवैद्यक तज्ज्ञाचे मत मागवले. आसाममध्ये दफन केलेला मृतदेह बाहेर काढून २०२३ मध्ये दुसरे शवविच्छेदन झाले आणि तज्ज्ञांनी हा मृत्यू हत्येचा असल्याचे मत दिले. मृतदेहाचे दहन झाले असते, तर ही दुसरी संधीच उरली नसती. म्हणून आपल्याकडे, जिथे दहन हीच सर्वसाधारण रीत आहे, तिथे पहिले शवविच्छेदन काटेकोर होणे आणि त्याचे चित्रीकरण असणे जास्तच गरजेचे ठरते.

२४ मार्च २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या विषयावर महत्त्वाचा निकाल दिला. दिल्ली आयआयटीत २०२३ मध्ये दोन विद्यार्थ्यांचे मृत्यू झाले होते. पोलिसांनी कलम १७४ खालची चौकशी करून प्रकरण संपवले आणि उच्च न्यायालयानेही पालकांची गुन्हा नोंदवण्याची मागणी नाकारली. सर्वोच्च न्यायालयाने मात्र गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. दखलपात्र गुन्ह्याची तक्रार असताना केवळ अकस्मात मृत्यूची चौकशी पुरेशी नाही, हे त्यातून स्पष्ट झाले. आवारात आत्महत्या घडल्यास संस्थेनेही तातडीने पोलिसांकडे गुन्हा नोंदवावा, असे न्यायालयाने सांगितले. विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी न्यायमूर्ती रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कृती दलही नेमले.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, त्यांपैकी १,७६४ महाराष्ट्रातल्या, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक. यातल्या बहुसंख्य प्रकरणांत खुनाचा संशय नसेलही. पण छळ, रॅगिंग, अपमान किंवा दुर्लक्ष होते का, हा प्रश्न प्रत्येक नोंदीमागे उभा राहतो.

मुरुड, हर्णै, आंजर्ल्यातली मुले शिकायला पुण्या-मुंबईच्या वसतिगृहांत जातात. प्रवेशाच्या वेळी फी आणि निकाल विचारताना पालकांनी आणखी तीन गोष्टी विचाराव्यात. रॅगिंगविरोधी समितीत कोण आहे? समुपदेशक पूर्णवेळ आहे का? आणि काही विपरीत घडले, तर संस्था पहिला फोन कोणाला करते : विश्वस्तांना, की पोलिसांना? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर लेखी मागायला संकोच वाटू देऊ नये.