शाबासकी विरली, टॅग उरले

फ्लिकर हे फोटोंचं संकेतस्थळ जन्माला आलं ते एका रखडलेल्या खेळाच्या पोटातून. कॅनडातल्या व्हँकूव्हर शहरात स्ट्युअर्ट बटरफिल्ड आणि कॅटरिना फेक हे जोडपं आपल्या ल्युडिकॉर्प या छोट्या कंपनीत ‘गेम नेव्हरएंडिंग’ नावाचा ऑनलाइन खेळ बनवत होतं. पैसे संपत आले, खेळ काही तडीस जाईना. खेळाडूंनी एकमेकांना वस्तू द्याव्यात, गप्पा माराव्यात यासाठी केलेली तजवीज मात्र हाताशी होती. तिच्यात वस्तूंच्या जागी फोटो आले आणि फेब्रुवारी २००४मध्ये फ्लिकर सुरू झालं. सुरुवातीला तर ती फोटो दाखवत गप्पा ठोकायची खोलीच होती.

त्या काळातल्या बहुतेक फोटो-साइट प्रिंट विकण्यासाठी चालत. तुम्ही लग्नाचा अल्बम चढवायचा, नातेवाइकांनी तो पाहायचा आणि चार प्रती मागवायच्या. बाहेरच्यांना आत प्रवेश नसे. फ्लिकरवर टाकलेला फोटो मात्र तुम्ही मुद्दाम झाकला नाहीत तर जगाला दिसे. प्रत्येक फोटोला स्वतःचं पान, त्यावर शीर्षक, खाली प्रतिक्रिया आणि बाजूला कॅमेऱ्याने फाइलमध्ये नोंदवलेली सगळी माहिती: कोणती लेन्स, अ‍ॅपर्चर किती, शटर किती, आयएसओ किती. या शेवटच्या गोष्टीने अनेकांना फोटोग्राफी शिकवली. धबधब्याचं पाणी दुधासारखं कसं दिसतं हे पूर्वी एखाद्या जाणत्याच्या मागे मागे फिरून कळायचं, आणि तो सांगेलच असंही नाही. इथे शटर एक सेकंद उघडं होतं हे पानावरच लिहिलेलं असे. आवडलेल्या फोटोचे आकडे बघायचे, आपल्या कॅमेऱ्यावर लावायचे, फसायचं आणि पुन्हा बघायचं.

खरी वर्दळ असे ग्रुपमध्ये. गोल वस्तूचा फोटो काढायचा, तो चौकोनात बसवायचा आणि टाकायचा, एवढाच ‘स्क्वेअर्ड सर्कल’ नावाच्या ग्रुपचा नियम. गटाराची झाकणं, बशा, घड्याळं, सूर्यफुलं यांची तिथे रास लागली होती. दुसरं टोक म्हणजे ‘डिलीट मी’. तिथे फोटो ठेवला की सभासद तो ठेवायचा की उडवायचा यावर मत द्यायचे. ठरलेली मतं विरोधात पडली की फोटो बाहेर. कोणीतरी मिश्कीलपणे तिथे फ्रेंच छायाचित्रकार आँरी कार्तिए-ब्रेसाँचा १९३२चा येर गावातला फोटो टाकला. वरून दिसणारा गोल जिना आणि खालच्या रस्त्यावरून झर्रकन जाणारा सायकलस्वार असं ते जगप्रसिद्ध छायाचित्र. सायकलस्वार धूसर आहे वगैरे कारणं देऊन सभासदांनी ते उडवलं. हा किस्सा नवशिक्यांची टिंगल करायला सांगितला जातो. मला त्यात त्यांचा फारसा दोष दिसत नाही. नाव न वाचता, इभ्रतीचं दडपण न घेता त्यांनी मत दिलं. कितीतरी परीक्षकांना हे जमत नाही. त्यांची नजर अजून रेखीव फोटोंपुरतीच तयार होती, इतकंच.

तारीफ करणाऱ्या ग्रुपांची कहाणी याहून कंटाळवाणी. एक फोटो टाका आणि दुसऱ्या दोघांच्या फोटोंवर प्रतिक्रिया द्या, असा तिथला दंडक. मग फोटोंखाली चमचमत्या बिल्ल्यांची माळ लागे: अप्रतिम, सुवर्णपदक, अमुक ग्रुपचा मानाचा तुरा. हे सगळं लग्नातल्या आहेरासारखं चाले. कोणी किती दिलं याची वही मनात असायची आणि परतफेड चुकवायची नसायची. ऑगस्ट २००५मध्ये ‘एक्सप्लोअर’ आलं, तेव्हा या व्यवहाराला आणखी ऊत आला. कोणी पाहिलं, कोणाला आवडलं, कोण काय बोललं यांचं गणित मांडून यंत्र रोज ५०० लक्षवेधी फोटो निवडायचं. सूत्र गुप्त, त्यामुळे तर्कांना तोटा नव्हता. फोटो कोणत्या वेळी टाकावा, किती ग्रुपांत टाकू नये यावर लांबलचक चर्चा झडायच्या. त्यात फोटोबद्दल अवाक्षर नसे.

फोटो काढून एकमेकांना दाखवायची ही हौस मराठी माणसाला मुळीच नवी नव्हती. मुंबईत १८५४मध्ये फोटोग्राफिक सोसायटी निघाली आणि भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिचे सभासद होते. १८५६पासून मुंबईतूनच हौशी फोटोग्राफरांचा एक मासिक अल्बम निघू लागला. त्यात फोटो छापलेले नसत, खऱ्या प्रिंट चिकटवलेल्या असत. दीडशे वर्षांनी मायबोली या मराठी संकेतस्थळावर गणेशोत्सवात प्रकाशचित्रांचा झब्बू रंगू लागला. संयोजकांनी विषय द्यायचा, एकाने फोटो टाकायचा, त्यावर दुसऱ्याने आपला झब्बू द्यायचा. पदक नाही, क्रमांक नाही. फ्लिकरवरच्या बिल्ल्यांपेक्षा हा प्रकार मला केव्हाही निकोप वाटतो. पण मराठी संकेतस्थळांवरचे पुष्कळसे फोटो प्रत्यक्षात राहत पिकासा नाहीतर फ्लिकरवर आणि धाग्यात असे नुसता दुवा. २०१६मध्ये गूगलने पिकासा आवरतं घेतलं. गडकिल्ल्यांच्या जुन्या वर्णनांत आता ‘हा बघा पश्चिमेचा बुरूज’ या धर्तीच्या ओळीखाली रिकामी चौकट भेटते.

फ्लिकरचेही मालक बदलतच गेले. मार्च २००५मध्ये याहूने ते विकत घेतलं. सप्टेंबर २०१०मध्ये तिथल्या फोटोंची संख्या ५ अब्जांवर पोहोचली आणि पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्राम आलं. २०११मध्ये फ्लिकरवर सर्वाधिक वापरला जाणारा कॅमेरा म्हणजे आयफोन ठरला. पण फोनमधून सरळ फोटो टाकण्याची सुटसुटीत सोय याहूला वेळेत जमली नाही. २०१३मध्ये सर्वांना एक टेराबाइट जागा फुकट देऊन पाहिली. नंतर याहूच व्हेरायझनच्या ताब्यात गेली आणि एप्रिल २०१८मध्ये स्मगमग या घरगुती वळणाच्या कंपनीने फ्लिकर घेतलं. तिने फुकट खात्यांवर १००० फोटोंची मर्यादा घातली. ओरड बरीच झाली. मला निर्णय पटला: जागेचं भाडं कोणीतरी भरणारच, ते आपण भरलं नाही तर जाहिरातदार भरतो आणि हिशोबही तोच मागतो. इतरांनाही वापरता यावेत म्हणून खुल्या परवान्याने दिलेले फोटो मात्र मर्यादेबाहेर असले तरी काढणार नाही, असं कंपनीने नंतर जाहीर केलं.

एवढ्या पडझडीत टिकलं काय? बिल्ल्यांच्या माळा आज कोणी वाचत नाही. टिकले ते टॅग. फोटो टाकताना माणसं चार शब्द जोडत: पाऊस, छत्री, दादर, लाल. कोणी शिकवलं नव्हतं, ठरावीक यादी नव्हती. आपला फोटो दुसऱ्याला सापडावा एवढाच हेतू. ग्रंथपालांनी वर्षानुवर्षं नियम बसवून जे केलं, ते इथे हौशी लोकांनी ओबडधोबडपणे पण अफाट प्रमाणात केलं. ग्रंथपालांनाही त्याचं मोल कळलं. जानेवारी २००८मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने सुमारे ३००० जुने फोटो फ्लिकरच्या ‘द कॉमन्स’ या विभागात ठेवले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीची वृत्तछायाचित्रं आणि १९३०-४०च्या दशकांतले रंगीत फोटो. पाहणाऱ्यांपैकी कोणी इमारत ओळखली, कोणी गल्ली, कोणी जुन्या वर्तमानपत्राचं कात्रण शोधून आणलं. ग्रंथालयाने ही माहिती पारखून आपल्या शेकडो नोंदी सुधारल्या. फ्लिकरच्या उभ्या आयुष्यातला हा सगळ्यात देखणा काळ, असं माझं मत.

मे २०१५मध्ये फ्लिकरने टॅग लावायचं काम यंत्रावर सोपवलं. त्याने डाखाउच्या छळछावणीच्या दाराला मुलांच्या खेळण्याचा सांगाडा म्हटलं आणि एका कृष्णवर्णीय माणसाच्या फोटोवर ‘वानर’ असा टॅग लावला. ते टॅग काढावे लागले.

पण यंत्रं शिकत होती, आणि त्यांचा एक मोठा फळा फ्लिकरच होतं. २०१४मध्ये याहूने खुल्या परवान्याचे जवळपास १० कोटी फोटो आणि व्हिडिओ, टॅगांच्या तपशिलासह, संशोधकांसाठी खुले केले. चित्रात खुर्ची कुठे, कुत्रा कुठे, हे संगणकाला शिकवण्यासाठी मायक्रोसॉफ्टच्या ‘कोको’ संग्रहातही फ्लिकरचेच फोटो होते. गच्चीवरच्या वाढदिवसाचा फोटो ‘बर्थडे’ असा टॅग लावून टाकणाऱ्याने नकळत मास्तरकी केली होती.

२०१९मध्ये आयबीएमने याहूच्या त्याच संग्रहातले सुमारे १० लाख फोटो चेहरे ओळखण्याच्या संशोधनासाठी वापरल्याची बातमी आली. फोटो काढणाऱ्यांना पत्ता नव्हता, फोटोतल्या माणसांना तर नव्हताच. कोणाला आपला फोटो वगळायचा असेल तर त्याने त्या फोटोचा दुवा ईमेलने पाठवावा, असं कंपनी म्हणत होती. पण कोणाचे कोणते फोटो घेतले याची यादी तिने जाहीर केली नव्हती. परवान्याच्या दृष्टीने पाहता बराचसा व्यवहार नियमात बसणारा होता. पण खुला परवाना देताना चौकोनावर टिचकी मारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर एखादा विद्यार्थी असतो, शाळेचं मासिक असतं, विकिपीडिया असतो. बातमीनंतर ज्याला आपले फोटो ‘सर्व हक्क राखीव’ करायचे होते त्याला ते करता आले. पण खुल्या परवान्याखाली आधीच नेलेल्या प्रतींना तो बदल लागू होत नाही.