पंचवीस पावलं, चार दिशा

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनाची राजधानी असलेल्या रॅली शहरात रस्त्याकडेला रेड मेपलची झाडं जागोजाग दिसतात. झाड त्याच मातीतलं. त्याच्या सालीवरची ‘ग्लूमी स्केल’ ही खवले कीडही तिथलीच. जंगलात ती शोधावी लागते. शहरात मात्र तिच्या थरांनी फांद्या करड्या, खरबरीत होतात आणि शेंडे वाळत जातात. दोघं जुने शेजारी असताना शहरातच असं का व्हावं?

अ‍ॅडम डेल आणि स्टीव्हन फ्रँक या कीटकशास्त्रज्ञांनी उत्तर शोधलं ते सालीवरच. टाचणीच्या डोक्याएवढं कवच उचललं की खाली बिनपायाची मादी सापडते, सोंड झाडात खुपसून बसलेली. तापलेल्या जागेवरच्या माद्या अंगाने मोठ्या निघाल्या आणि त्यांच्या पोटात भ्रूणही जास्त होते. किडीचे शत्रू असलेले इवले परजीवी गांधीलकीटक तिथे होते, पण या वाढीपुढे ते पुरे पडत नव्हते. विलो ओकवरच्या दुसऱ्या एका खवले किडीचंही तेच. एमिली माइनेकी आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये दाखवलं की रॅलीतल्या उष्ण जागी तिची संख्या 13 पटींपर्यंत जास्त होती.

जमीन डांबर-काँक्रीटखाली गेली की हवा तापते आणि मुळांना पाणी मिळेनासं होतं. कीड फोफावते आणि तहानलेलं झाड आणखी खचतं. इथे फवारणी करून काय साधणार? प्रौढ मादी कवचाखाली बऱ्यापैकी सुरक्षित राहते. उघड्यावरचे परजीवी कीटक मात्र मरतात.

म्हणून या गटाने झाड लावण्याआधीच करायची एक साधी मोजणी सुचवली. जागेपासून चार दिशांना पंचवीस-पंचवीस पावलं चालायचं आणि त्यातली किती डांबर, काँक्रीट किंवा फरशीवर पडली ते मोजायचं. शंभरातली तेहतिसापर्यंत पडली तर रेड मेपल खुशाल लावा. सहासष्टच्या वर गेली तर दुसरं झाड निवडा. उपकरण नको, तज्ज्ञ नको. कीड नियंत्रणाचं इतकं स्वस्त साधन मला तरी दुसरं माहीत नाही.

हे आकडे रॅलीचे आणि मेपलचे. पुण्यातल्या सोनमोहराला ते जसेच्या तसे लागू होणार नाहीत. पण बुंध्याला काँक्रीटचा फास आपल्याकडेही सर्रास दिसतो. राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवायला सांगितलं. बुंधा श्वास घेईल इतपत ते ठीक. मेपलच्या मोजणीत मात्र सुमारे वीस मीटरपर्यंतची जमीन धरली आहे. आपल्या गुलमोहर, सोनमोहर, पर्जन्यवृक्षांसाठी अशी पावलं मोजायला वनस्पतिशास्त्राच्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना एक उन्हाळा पुरेल, आणि महापालिकेच्या उद्यान विभागाने पुढच्या लागवडीआधी ते काम त्यांच्याकडे सोपवावं.