तसबीर एक, फिर्यादी चार
मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू या भाषा जेथे एकाच बोळात कानी पडतात आणि जेथील दिवस कित्येक दशके गिरणीच्या भोंग्यावर उजाडत असे, त्या सोलापुरात, हुतात्मा स्मृतिमंदिरात, ‘संगीत संशयकल्लोळ’ पाहताना कृत्तिकेच्या हाती तसबीर येताच, पुढच्या वाक्याची वाटही न पाहता, साऱ्या प्रेक्षागृहात हशा उसळला, आणि या नाटकाच्या रचनेचे मर्म मला तेव्हा उमगले.

ही तसबीर फार लांबून आलेली. मोलिएरच्या १६६० मधील ‘स्गानारेल’ या एकांकी प्रहसनाचे कथानक आर्थर मर्फीच्या १७६१ मधील ‘ऑल इन द राँग’मध्ये उतरले आणि त्यावरून गोविंद बल्लाळ देवलांनी १८९३ साली ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ हे गद्य नाटक सिद्ध केले. पात्रांची नावे त्यांनी थेट पंचांगातून घेतली: फाल्गुनराव, अश्विनशेट, भादव्या हे महिने, कृत्तिका, रेवती, रोहिणी ही नक्षत्रे. घेरी आलेल्या रेवतीला फाल्गुनराव सावरतो, ते त्याची पत्नी कृत्तिका पाहते. रेवतीजवळची अश्विनशेटची तसबीर कृत्तिकेच्या हाती लागते, ते फाल्गुनराव पाहतो. आणि मग मुद्देमाल एकच असूनही फिर्यादी चार होतात, प्रत्येकाचा पुरावा डोळ्यांदेखतचा, म्हणूनच प्रत्येकाचा निवाडा चुकीचा.

१९१६ साली, म्हणजे देवलांच्या निधनाच्याच वर्षी, गंधर्व नाटक मंडळीने हे नाटक पदांसह, ‘संगीत संशयकल्लोळ’ या नावाने, रंगभूमीवर आणले. बालगंधर्व रेवती झाले, गणपतराव बोडस फाल्गुनराव. प्रहसनाला वेग हवा आणि पदाला निवांतपणा, हा विरोध मोठा बिकट. परंतु देवलांनी गायनाचा मुख्य भार अश्विनशेट आणि रेवती या प्रेमिकांवर सोपवून फाल्गुनरावाचा संशय गद्यातच धावता ठेवला, आणि माझ्या मते त्यांच्या नाट्यदृष्टीची खरी थोरवी, त्यांच्या ‘शारदा’ नाटकाइतकीच, या वाटणीत आहे. संशयी माणसाला गाण्याइतकी स्वस्थता कोठून लाभणार?

सोलापूरच्या त्या रात्री रेवतीच्या पदाला ‘वन्स मोअर’ मिळाला. ऑर्गनचे सूर पुन्हा मुखड्यावर आले, आणि विंगेत उभा असलेला फाल्गुनराव, पुढे टाकलेले पाऊल मागे घेऊन, पद संपण्याची वाट पाहत राहिला.